चौदा पट झूम आणि काकूची करंगळी

आई आणि काकू या दोघी जावा आठ महिने एकमेकींना भेटल्या नाहीत, त्या माझ्यामुळे. घरात सगळ्यांची समजूत अशी की माझ्या हातून ते चुकून झालं. नवा कॅमेरा, हौशी माणूस, कळलं नसेल बिचाऱ्याला. ती समजूत मी कुणाची मोडली नाही. पण ते चुकून झालं नव्हतं. आता पन्नाशी ओलांडल्यावर एकदा सरळ लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

कॅमेरा मी लातूरहून आणला होता. मोबाईलमधून बरे फोटो निघायला लागायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. तेव्हा आमच्या गावात कुणाकडे डिजिटल कॅमेरा असलाच तर तो पत्त्यांच्या कॅटाएवढा आणि चपटा असायचा. माझा खिशात मावणाराच होता, पण त्याला चौदा पट झूम होतं. "लग्नात शेवटच्या रांगेत बसा आणि नवरीच्या नथीतले मोती मोजा," असं तो दुकानदार म्हणाला आणि मी तिथंच विरघळलो. तोवर चाळिशीला टेकलेलो होतो. विरघळायला तेच वय लागतं बहुतेक.

आमचं घाटनांदूरला भांड्यांचं दुकान. त्यामुळे घरात आलेली कुठलीही वस्तू वडील आधी हातात घेऊन तोलायचे, मग नखाने वाजवायचे. कॅमेराही त्यांनी वाजवला.

"पत्रा पातळ हाय."

"अप्पा, ते पत्रा न्हाई."

"मग प्लास्टिक हाय. वरून चांदीचा रंग मारून तुला गुंडाळलंय लेका."

ते निम्मे बरोबर होते. पुढचा आणि वरचा भाग धातूचा होता, तळ आणि बॅटरीचं झाकण मात्र प्लास्टिकचं. झाकणाला इतकं बारीक कडं होतं की बॅटरी काढताना ते तुटेल या भीतीने मी श्वास रोखायचो. पण उजव्या हाताला पुढून एक फुगवटा दिलेला होता, त्यावर रबर होतं, आणि तिथं तीन बोटं अशी बसायची की तो कॅमेरा माझ्याच हाताचं माप घेऊन केलाय असं वाटावं. चालू करायचं बटण बारीक आणि बसकं, नखाने दाबावं लागे. दाबलं की नळी बाहेर यायची, पेल्यातून पेला, त्यातून आणखी एक पेला. आमच्या दुकानात प्रवासाला न्यायचे तसे घडीचे पेले होते. वडिलांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा जरा पुढे सरकून बसले.

फोटो काढायच्या बटणाभोवती एक कडी होती. तर्जनीने ती एका बाजूला ढकलली की समोरचं जवळ यायचं, दुसरीकडे ढकलली की लांब जायचं. हळू ढकला, हळू येणार. पूर्ण ढकला, धावत येणार. हे मला एका संध्याकाळीत जमलं. बाकीचं जमायला महिना गेला. फ्लॅश वरच्या डाव्या कोपऱ्यात लपलेला असायचा आणि नेमकं माझं डावं बोट तिथंच टेकलेलं असायचं. तो उसळी मारून वर यायला बघायचा, मी वरून दाबून धरलेला, दोघांची कुस्ती चालायची. मागच्या बाजूला, जिथं अंगठा आपसूक टेकतो तिथंच, व्हिडिओचं बटण. ज्याने ते तिथं बसवलं त्याला अंगठा नसावा. फोटो काढून हात खाली सोडला की अंगठा त्यावर पडायचा आणि चित्रीकरण सुरू. पहिल्या महिन्यात माझ्याकडे माझ्याच चपलांचे आठ व्हिडिओ जमले. एकात तर मी दुकानापासून घरापर्यंत चालत आलो आहे आणि वाटेत दोघांना रामराम केला आहे.

डोळा लावून बघायची काच त्याला नव्हती. मागचा पडदा हेच सगळं. उन्हात त्या पडद्याचा आरसा व्हायचा, समोरच्या माणसाऐवजी आपलंच घामेजलेलं तोंड दिसायचं. पडदा बघायचा म्हणून हात लांब धरायचे, लांब धरले की झूम केलेलं चित्र थरथरायचं. आत काहीतरी थरथर सावरणारं यंत्र होतं म्हणे, पण त्यालाही थोडी मदत लागायची. ती मला करता यायची, कारण दुकानात भांड्यांवर नावं मीच कोरायचो. आमच्या भागात स्टीलचं भांडं नाव टाकल्याशिवाय घरी नेत नाहीत. ते कोरायचं विजेचं पेन हातात मधमाशीसारखं गुणगुणतं, आणि हात जरा हलला तर 'घ'चा 'ध' होतो आणि गिऱ्हाईक जन्मभर ऐकवतं. कोपर बरगडीला दाबायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. तीच बैठक कॅमेऱ्याला चालली. बटण अर्धं दाबलं की पडद्यावर हिरवा चौकोन यायचा, टिटी असा आवाज यायचा, मग पूर्ण दाबायचं. चौदा पटीवरही माझा फोटो हलायचा नाही. याचा मला गर्व होता. हा गर्व लक्षात ठेवा.

आता काकांचं सांगतो. रस्त्याच्या पलीकडे, आमच्या बरोबर समोर, काकांचंही भांड्यांचंच दुकान. दोघे भाऊ आधी एकाच गादीवर बसायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली तेव्हा काका मागे स्वयंपाकाकडे भाताच्या हंड्यापाशी उभे होते, वाढप्यांवर ओरडत. तेवढ्यात न बोलावलेले एक पुढारी आले. वडिलांनी काकांसाठी ठेवलेला फेटा त्यांना बांधला, मनात असं की भाऊ घरचाच आहे, त्याला नंतर बांधू. नंतर फेटा उरला नाही. काका हात पुसत मांडवात आले, सगळ्यांच्या डोक्यांकडे एकदा पाहिलं, आणि जेवले नाहीत. त्यानंतर येणं-जाणं बंद, खाणं-पिणं बंद. वर्षभरात समोर दुसरं दुकान उघडलं.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग वडिलांना कळला तो इथं. एका दुपारी ते मला म्हणाले, "ते तुझं यंत्र काढ बरं. तिकडं गिऱ्हाईक किती हाय बघ."

मी गल्ल्यामागे बसून कडी ढकलली. "तिघं हायत अप्पा. कुकर बघायलेत."

"कुकर? आन् त्यो स्वतः काय करायला?"

"बसलेत."

"वाळलाय का रे?"

"न्हाई. आहेत तसेच हायत."

"केस?"

"पांढरे झालेत."

"होणारच," असं म्हणून वडिलांनी पेपर उघडला. "माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी धाकटा हाय." मग दर दोन-चार दिवसांनी हे चालायचं. प्लास्टिक म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

आमचं दुकान सोमवारी बंद. त्या वर्षी नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर धर्मापुरीच्या जुन्या महादेवाच्या मंदिराचा फोटो छापायचं माझ्या मनात होतं. भिंतीवर वरच्या ओळीत कोरलेल्या बायका आहेत, खालून नीट दिसत नाहीत. झूमने त्यांचे चेहरे काढायचे. एका सोमवारी मोटारसायकल काढून गेलो. आईही सोमवारी महादेवाला म्हणून धर्मापुरीला जायची, महिन्यातून एकदा, सकाळच्या जीपने. त्या दिवशी ती आधीच गेली होती, एवढं मला माहीत होतं.

बाजूच्या उंचवट्यावर उभा राहून मी भिंतीवरून कॅमेरा सरकवत होतो. सरकवता सरकवता चौकोनात आई आली. मंदिराच्या मागच्या अंगाला, ओट्यावर, सावलीत बसली होती आणि हसत होती. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून. घरी ती अशी हसत नाही. तिच्यासमोर आणखी एक बाई, माझ्याकडे पाठ, डोक्यावरून हिरवा पदर, मांडीवर स्टीलचा डबा. जीपमध्ये भेटलेली कुणीतरी असेल, असं मला वाटलं. कोपर बरगडीला लावलं, श्वास अर्धा सोडला आणि तीन फोटो काढले. हाक मारायला गेलो नाही. संध्याकाळी टीव्हीवर दाखवून तिला चकित करू, असा विचार केला.

संध्याकाळी सातला वीज आली. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली वायर टीव्हीला लावली. वडील खुर्चीत, बायको खाली लसूण सोलत, आई स्वयंपाकघरात भाकरी थापत. दगडी बायकांचे फोटो वडिलांनी मुकाट्याने पाहिले. मग आईचा आला.

"ही तुझी आईच का?" वडील म्हणाले. "बरी दिसायली की."

बायको म्हणाली, "आत्याबाई, या बघा! तुमचा फोटो आलाय टीव्हीत!"

"येते, भाकरी करपंल," आतून आवाज आला.

"दुसरी कोण ती?" वडिलांनी विचारलं.

"थांबा. आता गंमत बघा," मी म्हणालो. फोटो बघतानाही तीच कडी ढकलली की चित्र मोठं होतं, आणि मागच्या बाणांनी ते इकडे-तिकडे सरकवता येतं. मी डब्यावर गेलो. मोठा केला, आणखी मोठा केला. झाकणाच्या कडेला अक्षरं उमटली. वडिलांचं नाव, खाली घाटनांदूर. माझंच अक्षर.

"वाचा अप्पा! इतक्या लांबनं! हाय का प्लास्टिक?"

वडील पुढे वाकले. "चष्मा कुटं हाय माझा? आपला डबा हाय का त्यो? त्या बाईकडं कसा?"

बायको चष्मा शोधायला उठली. मी बाण दाबत होतो. चित्र वर सरकलं आणि झाकणावर ठेवलेला हात आला. हिरव्या बांगड्या, आणि वाकडी करंगळी. लग्न होऊन आली त्या वर्षी काकूची करंगळी दुकानाच्या शटरमध्ये सापडली होती. ती तशीच वाकडी बसली.

मी ओळखलं. त्याच क्षणी ओळखलं, आणि सगळंच कळलं: आईचे सोमवार, काकूचं माहेर धर्मापुरीचं असणं, घरातून अधूनमधून गायब होणारा तो डबा. वडिलांचा चष्मा अजून सापडला नव्हता. तो फ्रीजवर होता. बायकोला तो मिळेपर्यंत एक बटण दाबायला माझ्याकडे हवा तेवढा वेळ होता.

मी ते दाबलं नाही. कारण फोटो फार सुरेख आला होता. नखाच्या कडेला लागलेली हळदसुद्धा दिसत होती. आणि वडिलांनी महिनाभर माझ्या कॅमेऱ्याला प्लास्टिक म्हटलं होतं. माझ्या तोंडून काय निघालं ते आजही मला शब्दाशब्दाने आठवतं.

"चष्मा लावून बघा अप्पा. नख बी मोजता येतंय."

वडिलांनी चष्मा लावला. आई पिठाचे हात घेऊन दारात आली होती. पडदाभर ती करंगळी. त्या बोटाला लाकडाची पट्टी बांधून आणायला काकूला अंबाजोगाईला वडीलच घेऊन गेले होते, तेव्हा त्यांना ती ओळखायला वेळ लागला नाही.

"बंद कर," ते म्हणाले. मग आईकडे न बघता विचारलं, "कवापासून?"

"पयल्यापासून," आई म्हणाली आणि भाकरीकडे गेली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. पुढच्या महिन्यात आई सोमवारी पिशवी घेऊन निघाली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "घरी बी महादेव हायच की." आईने पिशवी परत खुंटीला लावली.

त्या दोघींचं असं चालायचं: आईने डब्यातून काही न्यायचं, काकूने महिन्याने तोच डबा भरून आणायचा. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर साखरेची चिमूट तरी घालतात. त्यामुळे पुढची भेट ठरलेलीच असायची. त्या सोमवारनंतर डबा काकूकडेच राहिला होता. तो एक दिवस जीपवाल्याच्या हातून आमच्या घरी आला. घासून लख्ख केलेला. आईने झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि डबा फळीवर सगळ्यात मागे ठेवला. आत काही नव्हतं.

मी तिथंच उभा होतो. माझं तोंड बघून ती म्हणाली, "तू कावून वाईट वाटून घेतूस लेका. तुला काय म्हाईत होतं?"

आणि मी काही बोललो नाही. फोटो दाखवला त्यापेक्षा हे गप्प बसणं मला जास्त खातं. बायकोने मात्र मला तेवढ्यावर सोडलं नव्हतं. "चपलांचेच व्हिडिओ बरे होते," असं ती म्हणाली, आणि पुढे बरेच दिवस मी काहीही नवीन आणायचं म्हटलं की ती फक्त माझ्या चपलांकडे बघायची.

कॅलेंडर छापून आलं, वाटून झालं. वडिलांनी "तिकडं गिऱ्हाईक किती?" विचारणं बंद केलं. आठ महिने असे गेले. मग एका दुपारी, वडील घरी जेवायला गेले असताना, आई दुकानात आली. ती दुकानात सहसा येत नाही. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाली, "त्या दिवशीचा फोटो हाय का अजून? का पुसलास?"

"हाय."

"दाव की."

"त्यात काकूचं तोंड न्हाई आई. पाठच हाय नुसती."

"असू दे. पाठ तर हाय."

मी कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. तिने तो तव्यावरची भाकरी उचलावी तसा दोन्ही हातांनी धरला. मी तिची तीन बोटं त्या फुगवट्यावर नीट ठेवली, तर्जनी कडीवर ठेवली, अंगठा व्हिडिओच्या बटणावरून बाजूला केला. तिने कडी ढकलली. हिरवा पदर मोठा होत होत सगळा पडदा हिरवा झाला. ती तरी ढकलतच राहिली.

"ही साडी तिला मीच घेतलती," ती म्हणाली. "अजून नेसती." आणि डोळे पुसत, मलाच धीर देत, "तुला काय म्हाईत होतं रे."

"मला म्हाईत होतं आई."

तिने वर बघितलं.

"करंगळी मी आधी बघितली. अप्पांचा चष्मा फ्रीजवर होता. मी बंद करू शकत होतो."

आईने कॅमेरा गल्ल्यावर ठेवला. ती ओरडेल, रडेल असं मला वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, कुणाचा पोरगा आहे हे ठरवत असल्यासारखं. मग म्हणाली, "मला कावून सांगतूस? रिकामा डबा तिनं धाडलाय. मी यायची थांबले, तर तिला वाटायलं, मीच घरात सांगितलं म्हणून. जा, तिला सांग."

"कवा?"

"आता."

"आता? भर बाजारात?"

"टीव्हीत दावताना लाजलास का?"

तोवर वडील जेवून परत आले होते आणि दुकानाच्या पायरीवर चढत होते. त्यांच्या समोरून मी रस्त्यावर उतरलो. चौदा पटीने इतक्यांदा बघितलेलं ते दुकान चालत गेल्यावर वीस पावलांवर निघालं. काका गादीवर बसले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"गिऱ्हाईक म्हणून आलास का पाव्हणा म्हणून?"

"काकूकडं आलोय."

"ए, बघ गं, कोण आलंय!"

काकू आतल्या बाजूला पातेल्यांच्या चळतीला टेकून बसली होती. तिने पदर सावरला. "एवढ्या जवळ कशाला आलास बाबा? तुला तर तिकडं गल्ल्यामागं बसून लांबनंच दिसतंय की सगळं."

काका हसले नाहीत, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काकूची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळून पाहिलं. आई रस्ता ओलांडून आली होती. वडिलांच्या समोरून, दिवसाढवळ्या, आणि दुकानाच्या पायरीशी उभी होती. पलीकडे वडील आपल्या गादीवर बसले होते आणि पेपर त्यांच्या मांडीवर मिटलेलाच होता.

काकू उठून उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. आता त्या माझ्यामुळे थांबल्या होत्या. मी हात जोडले.

"काकू, आईनं घरात कुणालाच काय सांगितलं न्हाई. मी दावलं. तुमची करंगळी मला अप्पांच्या आधी दिसलती. एक बटण दाबलं असतं तर फोटो गेला असता, मी दाबलं न्हाई, कॅमेरा किती भारी हाय ते अप्पांना दाखवायचं होतं म्हणून. आन् वरून आठ महिने चुकून झालं म्हणून गप बसलो. आई, तू बी ऐक. तुमा दोघींचं भेटणं मी मोडलं. मला माफ करा."